एकेचाळीस नंबरचा कागद

तिला सगळे बत्तिशी म्हणत, आणि ते ती हसते म्हणून नव्हे. हसण्याचा आणि तिचा संबंध बेताचाच होता. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून ती साचे काढायची, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्या हिरडीत एकेक दात रोवायची. बावीस वर्षं हेच काम. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, पण त्यांच्यातल्या एकानेही तिला कधी पाहिलं नव्हतं. कवळी नीट बसली की आभार डॉक्टरांचे आणि टोचली की शिव्या बत्तिशीला, हा त्या धंद्याचा कायदाच आहे. ती त्यावर कधी कुरकुरली नाही. घरी ती लहानपणापासून याच कायद्याखाली वाढली होती.

घरचा कायदा म्हणजे दादा. तिच्याहून चार वर्षांनी मोठा, आवाजाने चाळीस वर्षांनी. तो तेरा वर्षांचा असताना मामाने परदेशातून टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणलं होतं. त्यासोबत एकच खेळ आला. तलवार घेतलेला एक माणूस अख्खं राज्य तुडवतो आणि सात विहिरींत दडवलेले सात दिवे शोधून काढतो. खेळात नकाशा नव्हता. अक्षरं परक्या भाषेतली, त्यामुळे दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. त्यात टीव्हीच्या मागची वायर सैल. कुणीतरी ती दाबून धरली तरच चित्र दिसायचं, बोट ढिलं पडलं की पडद्यावर मुंग्या. कुणीतरी म्हणजे कुणी, हे आईने एका वाक्यात निकालात काढलं. "तू धर गं, तो मोठा आहे."

मग दोन वर्षं, शाळा सुटल्यावर रोज, बत्तिशी टीव्हीच्या मागे बसली. डाव्या हाताने वायर दाबायची, उजव्या हातात पेन्सिल, मांडीवर गणिताच्या वहीचे चौकटीचे कागद. समोर दादा बसलेला, आणि दादाच्या पाठीमागे काचेच्या दाराचं कपाट. त्या हिरवट काचेत पडद्याचं प्रतिबिंब पडायचं, तळहाताएवढं. तिने तो खेळ पाहिला तो त्या काचेत. पुलाला पूल, टेकडीला टेकडी लावत ती एकेका चौकटीने राज्य उतरवून घ्यायची. दादा वाट चुकला की ओरडायचा, "आता कुठे?" आणि ती पेन्सिल उंचावून दिशा दाखवायची, "इकडे." तो तिकडे जायचा आणि वाट बरोबर निघायची. सगळे मिळून चौसष्ट कागद झाले. सातही विहिरींवर तिने हिरव्या पेन्सिलीने दिवे रंगवले, इतके गडद की पेन्सिल संपली म्हणून आईची बोलणी खाल्ली.

एकदाच तिने विचारलं होतं, "दादा, मला दे ना थोडा वेळ." दादा म्हणाला, "हा एकट्यानेच खेळायचा खेळ आहे." तिला ते पटलं. नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्या भावाचं काहीही पटतं, ही त्या वयाची खोडच आहे.

पुढे दादाने गाडी शिकवण्याची शाळा काढली. दिवसभर शेजारी बसून लोकांवर खेकसायचं, हे काम त्याच्यासाठीच बनवलं असावं. शिवाय फावल्या वेळात तो जुन्या खेळांवर व्हिडिओ करायचा, आणि ते पाहणारी माणसंही बरीच होती. अशात तो जुना खेळ नव्याने बनून आला. गोष्ट तीच, विहिरी सात त्याच, पण आता राज्य एवढं अफाट की घोड्यावरून या टोकाचं ते टोक गाठायला अख्खी दुपार जावी. वाटेल त्या डोंगरावर चढा, वाटेल त्या घरात शिरा. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाने या खेळासाठी शनिवारी सकाळी हॉल सजवायचं ठरवलं, आणि दादाचा बत्तिशीला फोन आला. असा फोन वर्षातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा त्याला काहीतरी हवं असायचं.

"ते चौकटीचे कागद आहेत ना गं तुझ्याकडे?"

"आहेत."

"मला लागतील. मोठ्या पडद्यावर, दोनशे माणसांसमोर, खेळातली कुठलीही मदत न घेता मी नुसत्या त्या कागदांवरून विहिरी शोधणार आहे. जमलं तर दर शनिवारचा कार्यक्रम मला मिळतोय."

"देते," ती म्हणाली. "पण कागद कुणी काढले ते सांगशील ना तिथे?"

"अगं हो. त्यात काय एवढं!"

तिला हवं होतं ते एवढंच. बावीस वर्षांत तिच्या हातच्या एकाही वस्तूवर तिचं नाव आलं नव्हतं. या चौसष्ट कागदांवर तरी ते यावं, तेही ज्याने ते वापरले त्याच्या तोंडून, चारचौघांत. यासाठी ती तेहतीस वर्षं थांबली होती हे तिला स्वतःलाही फोन ठेवल्यावरच कळलं.

रविवारी तिने स्वतःसाठी यंत्र आणि तो नवा खेळ आणला. आई शेजारी खुर्चीत बसून बघत होती. आईच्या तोंडातली कवळी बत्तिशीनेच केलेली, आणि बोलायची इच्छा नसली की आई ती काढून वाटीत ठेवायची. त्या दिवशी कवळी तोंडातच होती. "या वयात हे काय खूळ?" आई म्हणाली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बत्तिशी पहिल्यांदा टीव्हीच्या पुढच्या बाजूला बसली होती. खूळ म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

खेळ सुरू झाला आणि तिचं डोकंच फिरलं. समुद्र डावीकडे होता. तिच्या कागदांवर तो उजवीकडे होता. जिथे पूल हवा तिथे दलदल, जिथे गाव हवं तिथे नुसते खडक. तिने तीन कागद पडताळून पाहिले, तिन्ही खोटे पडले. "मेल्यांनी समुद्र उचलून पलीकडे टाकला!" ती ओरडली. "एवढा पैका ओतलाय, एवढी झाडं काढलीत, पानापानावर दव पाडलंय, आणि साधी दिशा राखता येत नाही?" तीन दिवस ती कामावरून आली की खेळ लावायची, पाच मिनिटांत लांडग्यांकडून मरायची आणि बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. आईने कवळी काढून वाटीत ठेवली.

चौथ्या दिवशी कवळ्यांच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या बाईने उजवीकडची दाढ डावीकडे बसवून ठेवली. बत्तिशी तिच्यावर उसळली. "किती वेळा सांगायचं? समोरच्याचा उजवा तो आपला डावा! साचा हातात घेतला की आधी विचार करायचा, मी कुठून बघतेय?" आणि ती तशीच आपल्या पिशवीकडे धावली. पिशवीतून तिने एकेचाळीस नंबरचा कागद काढला, ज्यावर पहिली विहीर होती तो, उलटा केला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. मागून पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या. समुद्र डावीकडे होता. पूल पुलाच्या जागी होता. तिने एकही चूक केली नव्हती. ती फक्त काचेत बघत होती.

संध्याकाळी हे सांगायला तिने दादाला फोन लावला. आपले कागद खरे निघाले म्हणून मनातून ती खूश होती, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे, नव्या खेळातली अक्षरं आता तिला वाचता येण्याजोगी होती, आणि पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं होतं, 'जुन्या खेळाप्रमाणेच, नायकासोबतचा वाटाड्या दुसरा खेळाडू चालवू शकतो.' दुसरी गोष्ट, दादाचा नवा व्हिडिओ. त्यात तो म्हणत होता, "तेराव्या वर्षी मी स्वतः काढलेले नकाशे! माझी धाकटी बहीण शेजारी बसून कौतुकाने बघायची."

"दादा, जुन्या खेळात दुसऱ्यालाही खेळता यायचं?"

"यायचं की. दुसरा कंट्रोलर खोक्यातच होता."

"मग तू मला एकट्याचा खेळ म्हणून का सांगितलंस?"

"अगं वेडे, तू खेळली असतीस तर वायर कुणी धरली असती?" तो हसला. त्याला ते खरोखरच गमतीचं वाटत होतं.

"आणि नकाशे तू काढलेस?"

"हे बघ, लोकांना काय सांगू, बहीण टीव्हीच्या मागे वायर धरून बसायची? बरं दिसतं का ते? शनिवारी लवकर ये, आणि कागद आण. सराव-बिराव नको मला, तो खेळ माझ्या हाडात आहे. आणि हो, फोन कशाला केला होतास?"

"काही नाही," बत्तिशी म्हणाली. "सहज."

शनिवारी तिने हॉलच्या दारात चौसष्ट कागद त्याच्या हातात ठेवले, अनुक्रमाने लावून, एकही कोपरा न दुमडता. कवळी पोचती करताना ती असंच करायची. दादाने झालरीचं जाकीट घातलं होतं. तो आभार मानायला विसरला, कारण कॅमेरा सुरू झाला होता. बत्तिशी आईला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली.

दादाने सुरुवात झकास केली. कागद उंचावून दाखवला, टाळ्या घेतल्या. "एकेचाळीस नंबर! पुलावरून उजवीकडे, आणि पहिली विहीर आपली!" तो उजवीकडे वळला आणि घोड्यासकट दलदलीत गेला. लोक हसले, तोही हसला. दुसऱ्यांदा पुन्हा उजवीकडे, पुन्हा दलदल. तिसऱ्यांदा लांडगे. मग त्याने दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. पडद्यावर डावीकडे समुद्र दिसत होता आणि हातातल्या कागदावर तो उजवीकडे होता, तरी हा गृहस्थ कागद एकदा इकडे एकदा तिकडे फिरवत होता आणि प्रत्येक वेळी मरत होता. आता लोक त्याला हसत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, आधी लायसन्स काढा!" दुकानाचा व्यवस्थापक घड्याळाकडे बघू लागला.

आईने बत्तिशीला कोपराने ढोसलं. "तुला ठाऊक असेल तर सांग ना त्याला. काहीतरी कर गं, तो मोठा आहे."

बत्तिशी हलली नाही. दया तिला आली नाही. आली असती तर आपल्याला स्वतःचाच राग आला असता, असं तिला वाटलं.

सहाव्यांदा मेल्यावर दादा लाल झाला आणि त्याने माईक तोंडाजवळ ओढला. "एक सांगतो. हे नकाशे मी काढलेलेच नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीने काढलेत, सगळे चुकलेत! ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय!"

दोनशे माना वळल्या. बत्तिशी उठली, शांतपणे पायऱ्या चढून मंचावर गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"पुन्हा सांग. कागद कुणाचे?"

"तुझे! तुझेच आहेत हे!"

"सगळे?"

"सगळे, चौसष्टच्या चौसष्ट!"

"मग आण इकडे."

तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला, मेजावरचे गोळा केले, अनुक्रम लावला. तेवढ्यात एकेचाळीस नंबर तिने मंचावरच्या दिव्यासमोर उलटा धरला, फक्त दादाला दिसेल असा, आणि दादाच्या डोळ्यांसमोर समुद्र जागेवर आला. गाडी शिकवणारा माणूस, डावं-उजवं त्याला तेवढं कळत होतं. त्याने माईक हाताने झाकला.

"अगं, हे आधी का नाही बोललीस? थांब, जाऊ नकोस. इथे बाजूला उभी राहा आणि वाट दाखव. माझा कार्यक्रम जातोय!"

"लोकांना काय सांगू दादा, बहिणीने वाट दाखवली? बरं दिसतं का ते?"

ती पायऱ्या उतरली. आई एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे बघत होती. मग तिने कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि बत्तिशीच्या मागोमाग निघाली.

दुपारी बत्तिशीने खिडकीच्या काचेवर एकेचाळीस नंबरचा कागद उलटा चिकटवला आणि टीव्हीसमोर बसली. फोन वाजत होता, दादाचाच होता, तिने तो उशीखाली सारला. पुलावरून ती डावीकडे वळली. अकराव्या मिनिटाला विहीर आली. ती आत उतरली आणि दिवा लागला. नव्या खेळाची एक रीत होती. दिवा सापडला की पडद्याच्या कोपऱ्यात जुन्या खेळातलं तेच चित्र क्षणभर दिसायचं. ते दिसलं. तीच ओबडधोबड विहीर, तोच ठोकळ्यांचा दिवा.

दिवा पिवळा होता.

तिने खिडकीकडे पाहिलं. कागदावरचा दिवा मागूनही हिरवागार दिसत होता. हिरवी होती ती कपाटाची काच. दोन वर्षं ते कागद रोज दादाच्या नजरेखालून जात होते, सातही दिवे तिने त्याच्यासमोर पेन्सिल संपेपर्यंत रंगवले होते, आणि रंग वेगळा आहे एवढंही त्याने तिला एकदासुद्धा सांगितलं नव्हतं.