मधल्या आवाजाचा कर्णा

देवबागच्या धोंडू सुताराचं आयुष्य होड्या बांधण्यात गेलं. स्पीकर बनवायच्या मागे तो पन्नाशीनंतर लागला, आणि तेही हौसेने नव्हे. त्याचा धाकटा भाऊ गणपत दशावतारात स्त्रीपार्ट करायचा आणि नाटक नसेल तेव्हा मासेमारीला जायचा. एकदा खाडीच्या मुखाशी होडी उलटली. बाकीचे पोहत आले, गणपत आला नाही. देहही लागला नाही. त्याची बायको रसिका धोंडूच्याच घरात राहिली. कुणी दिवसकार्याचा विषय काढला की ती उठून जाई.

गणपतचं एक नाटक कंपनीच्या पेटीवाल्याने रेकॉर्ड केलं होतं. वनात हरवलेल्या मुलाला हाका मारणारी राणी त्यात तो झाला होता. बाजारातल्या स्पीकरवर ते लावलं की मृदंग घुमायचा, झांज कानाला टोचायची आणि मधला माणसाचा गळा मात्र पाण्याखालून आल्यासारखा यायचा. धोंडूला ते सोसेना. भाऊ पाण्यात गेला तो गेला, त्याचा आवाज तरी बाहेर काढायचा, असं त्याने मनाशी घेतलं.

मृदंग आणि झांज त्याने साध्या स्पीकरवर सोडली. मधल्या आवाजासाठी मात्र कर्णा हवा होता, तोंडाभोवती हात धरून हाक मारतात तसा. पहिला कर्णा नरसाळ्यासारखा सरळ केला, तर गणपत नाकात ओरडू लागला. दुसऱ्याचं तोंड लहान पडलं. गळ्याचा भरदारपणा त्यात टिकेना. मग होडीच्या फळ्या वाकवायच्या तशा त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवल्या. गळ्याशी अरुंद, पुढे हळूहळू रुंदावत जाणारा आणि तोंडाशी एकदम उमलणारा कर्णा तयार झाला. आतून तो बोटांना सांधा लागेनासा होईपर्यंत घासला.

दिवेलागणीला त्याने रेकॉर्ड लावलं. गणपतने खोलीतच हाक मारली. हाकेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. रसिका चुलीपासून धावत आली. तिने आधी दाराकडे बघितलं, मग कर्ण्याकडे. धोंडू बटणाकडे वळला.

“भावोजी, बंद करू नकात,” ती म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. रसिका एक ताट जास्त वाढू लागली. धोंडूची बायको यशोदा त्याला म्हणाली, हे घराला बरं नाही, तो डबा उचलून ठेवा. धोंडूलाही स्पीकर बंद असताना ओटीवर कुणीतरी श्वास घेतंय असं वाटे आणि तो तिकडे न बघताच आत जाई. पण रसिकाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तिने सांगितलं म्हणून त्याने कर्ण्याचं तोंड खिडकीतून दर्याकडे वळवलं.

थोड्याच दिवसांत शेजारचा ओंकार आला. तो मासेमारीहून परतताना खिडकीसमोरच्या पाण्यातून येई. “काका,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “होडयेर असताना गणपतकाको हाक मारता. पोरां दर्यार जावक भियतत.”

खरं काय ते ऐकायला दुसऱ्या दिवशी धोंडू किनाऱ्यावर गेला. यशोदेला रेकॉर्ड लावायला सांगून आला होता. काळोख पडत होता. हाक आली, पण पाठीमागच्या घराकडून नाही. समोरच्या पाण्यावरून आली. तीच ओढ, तोच हाकेआधीचा श्वास.

“मी येतंय रे, गणपा,” धोंडू म्हणाला.

मनगट कुणीतरी घट्ट धरलं तेव्हा त्याला कळलं की आपण छातीभर पाण्यात आहोत. घरातून मागोमाग आलेली रसिका होती. थोरल्या दिराला तिने कधी स्पर्श केला नव्हता, पुढ्यात मान वर करून बोललीही नव्हती. आता ती हात सोडत नव्हती.

“माका ठावक आसा, हे येवचे नाय,” ती म्हणाली. “आता तुमी जाव नकात.”

दोघं ओलीचिंब घरी आली. रसिकाने स्वतः वायर उपसली. पुढच्या अमावास्येला भटजींना बोलावून गणपतचं कार्य झालं. तेव्हा ती उठून गेली नाही.

कर्ण्याची गोष्ट गावभर झाली होती. भजनी मंडळाने तसाच एक मागितला आणि धोंडूने मन लावून बनवून दिला. देवळात तो पहिल्यांदा लावला, बुवांचा गळा सभामंडपात स्वच्छ उभा राहिला, लोकांनी माना डोलावल्या. धोंडू मात्र तेवढ्यात बाहेर पडला आणि दर्याकडे पाठ करून, भजन संपेपर्यंत माडाला टेकून उभा राहिला.