मोरांच्या तळ्याकडची वाट

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट गेली पंचवीस-तीस वर्षं सांगितली जाते. हैदराबादच्या मधोमध उरलेल्या जंगलातल्या सगळ्या पायवाटा मी आणि माझ्या बायकोने चालून संपवल्या, आणि शेवटी तिला असा चकवा लागला की चालून झालेली वाटही तिला आठवेना. सांगणारे हसतात. मधल्या काळात तीही हसू लागली होती. ही गोष्ट खोटी आहे आणि ती खोटी मी केली आहे.

सरकारी कारखान्यातून मी पन्नाशी ओलांडता ओलांडता बाहेर पडलो. परदेशी माल मोकळा यायला लागला, आमच्या यंत्रांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि आम्हाला व्हीआरएसचे कागद दिले गेले. मी सही केली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी उठलो, दाढी केली आणि चिक्कडपल्लीच्या घराच्या खिडकीतून कारखान्याची बस जाताना पाहिली. मग रोजच पाहू लागलो. काम नसताना आबिड्सच्या पोस्टापर्यंत जाऊन यायचो. चालू असलेला पंखा उघडून पुन्हा लावायचो.

"अहो, बसा ना जरा," बायको म्हणायची. "येरझाऱ्या घालून फरशी झिजवाल."

बसवत नव्हतं. बसलो की छातीत काहीतरी धावत राहायचं.

तिचा धाकटा भाऊ तेव्हा नुकताच पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इकडे आला होता. नवी मारुती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, तेही रविवारी. बायकामुलं पुण्याहून येईपर्यंत जेवायला आमच्याकडेच असायचा. एकदा पानावर बसून म्हणाला, "भाऊजी, त्या जंगलाला आता भिंत होणार, तिकीट लागणार. त्याआधी सगळ्या पायवाटा चालायच्या असं आमच्या ऑफिसातल्या पोरांनी ठरवलं होतं. कुणाला जमलं नाही. तुम्ही घ्या मनावर. तुमच्याकडे वेळच वेळ आहे."

"घेतलं," मी म्हणालो.

"पण दसऱ्याच्या आत हं! सरकारी खाक्या नको, नाहीतर पुढच्या पंचवार्षिक योजनेत जाईल."

बायकोने त्याच्या पानात पोळी टाकली. "मीही जाणार आहे. म्हणजे काम पुरं होईल."

नियम तिनेच घातला. वाट दोघांनी चालायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाली की तोंडाशी असलेल्या दगडावर खूण. खूण माझी होती. कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. पास झालेल्या पेटीवर निळ्या खडूने बरोबरची खूण करायची हे माझं काम. काही खडू माझ्या डब्यात राहून गेले होते.

आबिड्समधून तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. नऊवार नाही, साधी पाचवारी साडी, पण खाली ते पांढरे बूट पाहून बसमधल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. ती पुढे चालायची आणि मध्येच थांबायची. सीताफळाचा डोळा उघडलाय का पाहायची, कातळावर बसलेला सरडा दाखवायची. मला टोक हवं असायचं. टोकाला पोचून खूण केली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि पुढच्या वाटेची घाई सुरू व्हायची.

तिथला चौकीदार रोज आम्हाला पाहायचा. एकदा त्याने विचारलंच, "क्या साब, कुछ गुमा लिए क्या? रोज आके ढूंढते."

"नौकरी गुमी इनकी," बायको म्हणाली, "मिली तो बोलो."

तो खूप हसला. मी पुढे निघून गेलो आणि परत येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

भाद्रपद संपेपर्यंत एकच वाट उरली. दुभंगलेल्या मोठ्या कातळापासून ती आत वळायची आणि एका आटलेल्या तळ्याकडे जायची. तिथे मोर उतरतात असं चौकीदाराने सांगितलं होतं. तिने ती मुद्दाम शेवटी ठेवली. "दसऱ्याला दुपारी जाऊ, पूजा आटोपली की. घाई नको. तळ्याशी बसू थोडा वेळ."

दसऱ्याच्या सकाळी मेव्हण्याचा शेजाऱ्यांकडे फोन आला. "भाऊजी, सोनं द्यायला येतोच आहे. निकाल तयार ठेवा!" बायको स्वयंपाकघरात होती. श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगलेला होता. मला दुपारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. फुलं आणतो असं सांगून निघालो आणि बस पकडली.

कातळापाशी पोचलो. पावसाळ्यात त्या वाटेवर बोरी-बाभळी माजल्या होत्या. थोडा आत गेलो. पँट काट्यात अडकली, सोडवली, पुन्हा अडकली. पुढे वाट दिसत होती, इतर वाटांसारखीच. कारखान्यात आम्ही पेटीतला प्रत्येक नग कधी तपासला नाही. वरचे चार काढायचे, मापात बसले की पेटी पास. उभ्या आयुष्यात मी तसंच काम केलं होतं आणि त्यात काही गैर नव्हतं. मी मागे फिरलो, कातळावर निळी खूण केली आणि फुलं घेऊन घरी आलो.

आमच्या खात्यात आणखी एक नियम होता. ज्याने काम केलं, त्याने ते पास करायचं नाही. तो मला बसमध्ये आठवला.

तिला सांगणार होतो. पण मेव्हणा बायकामुलांसह लवकर आला. आपट्याची पानं हातात ठेवून म्हणाला, "बोला भाऊजी, झाल्या सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हणालो.

"एक राहिली आहे ना?" बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "तळ्याकडची. आता जेवून जाणार आहोत."

खरं बोलायला तेवढा एक क्षण होता. मेव्हणा माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "अगं, ती गेल्या रविवारीच झाली. खूणही केली. तुझ्या लक्षात नाही."

"नाही हो. मी मोर पाहिलेच नाहीत."

"मोर नव्हते त्या दिवशी."

मेव्हण्याला चेव आला. जेवणं झाल्यावर सगळ्यांना मारुतीत कोंबून तो जंगलात घेऊन गेला. कातळावर निळी खूण होती. बायको तिच्यासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"ताई, चकवा लागला तुला!" मेव्हणा टाळी देत म्हणाला. मुलांनी तोच शब्द उचलला.

"असेल," ती म्हणाली.

ते 'असेल' मग आमच्या घरात राहायला आलं. किल्ली कुठे ठेवली, कोणाचा फोन आला होता, लग्नात कोणी काय दिलं, कशावरही वाद झाला की कुणीतरी चकवा म्हणायचं आणि ती सोडून द्यायची. माझी बायको हट्टी होती. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, माझ्या आईशी ती कधी हरली नव्हती. मी ते पाहत होतो आणि मला सोयीचं वाटत होतं, हेही लिहायला हवं.

गेल्या वर्षी सिकंदराबादच्या डॉक्टरांनी तिला रक्तदाबाची नवी गोळी दिली. घरी आल्यावर ती म्हणाली, "अर्धी म्हणाले ते." मी म्हणालो, "पूर्ण." चिठ्ठी औषधाच्या दुकानातच राहिली होती. ती म्हणाली, "असेल. मला चकवा लागतो." आठवडाभर मी रोज सकाळी तिच्या तळहातावर पूर्ण गोळी ठेवली. मग ती चक्कर येऊन न्हाणीघरात पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, "मी अर्धी सांगितली होती. ताईंनी तर परत विचारून घेतलं होतं."

प्लास्टर घालून घरी आलो त्याच संध्याकाळी मी तिला कातळाचं सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय सांगता? ती वाट मी चालले नव्हते, हे मला ठाऊक होतं. जे गाडीतून खूण बघायला आले होते त्यांना सांगा."

मनगट बरं झाल्यावर आम्ही जंगलात गेलो. आता तिथे तिकीट आहे, आखीव रस्ता आहे. दुभंगलेला कातळ जाळीच्या पलीकडे गेला आहे. रखवालदार म्हणाला, तिकडे जायला परवानगी नाही. ती जाळीला धरून बराच वेळ उभी होती. मोर ओरडत होते, दिसले नाहीत.

घरी येऊन मी मेव्हण्याला पुण्याला फोन लावला. तोही आता निवृत्त होऊन तिकडे परतला आहे. मी सांगितलं. तो हसला. "अहो भाऊजी, कुठल्या काळातलं काढलंत! जाऊ द्या हो."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"जाऊ नाही द्यायचं," ती म्हणाली. "ती वाट राहिली होती. मी तेव्हाच सांगितलं होतं. मुलांनाही सांग."