अपारिसियोच्या नावाचे मेल

आमची झुल्मा टेचेरा गेली तेव्हा जो तो तिच्याबद्दल आपलंच काहीतरी सांगत होता. कुणी म्हणालं जीभ फार तिखट, कुणी म्हणालं हात सढळ, कुणाला फक्त तिच्या भोपळ्याच्या हलव्याची आठवण. सगळं खरं. पण तिच्या आयुष्यातली मोठी गोष्ट पासो ओन्दो गावाची, आणि ती आमच्यातल्या फारशा कुणाला धड ठाऊक नाही. म्हणून ती सांगायची.

झुल्मा आधी टेलिफोनवर बसायची. मोन्तेविदेओत अँब्युलन्सवाल्यांचं एक ऑफिस होतं, तिथं. कान असा तयार, की समोरचा हॅलो म्हणाला की तिला कळायचं, हा घाबरलाय की नुसताच चिडलाय. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, त्या फोनवरच तिची उमर गेली. पुढं फोन घ्यायचं काम कॉम्प्युटरकडं गेलं. कुठून फोन आला, कुठली गाडी पाठवायची, सगळं तोच ठरवणार. मग ज्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर केलं, त्यांनीच झुल्माला ठेवून घेतलं. बटणं दाबून बघायची, चुकलं की लिहून ठेवायचं.

शेजारच्या टेबलावर अपारिसियो बेन्तान्कोर. तोही तेच काम करायचा. बुटका, जाड भिवयांचा, दिवसभर बगलेत गरम पाण्याचा थर्मास. येर्बा, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, तोच भरायचा. तुंब्यात पाणी ओतायचं, पहिला कडू घोट स्वतः ओढायचा, मग झुल्माकडं द्यायचा. आमच्याकडं एक रीत आहे, तुंबा परत देताना ग्रासियास, म्हणजे आभार, म्हटलं की झालं, पुढच्या फेरीत तुम्हाला धरत नाहीत. प्यायचं असेल तर गप्प राहायचं. ती दोघं वर्षानुवर्षं गप्प राहून येर्बा प्यायली. लोक काय काय बोलायचे त्यांच्याबद्दल. बोलू देत.

आता त्यांच्या कामाची रीत. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की तिची नोंद करायची. त्या नोंदीला ते लोक बग म्हणतात. ज्यानं ती नोंद केली त्याला, ज्याच्याकडं दुरुस्ती आहे त्याला, आणि ज्यानं ज्यानं मलाही कळवा म्हणून नाव घातलंय त्याला, प्रत्येक बारीकसारीक बदलाचा मेल जातो. कुणी एक ओळ लिहिली, गेला मेल. दुसऱ्यानं तीच ओळ खोडली, गेला मेल. तरुण पोरं वैतागून आपली नावं काढून घ्यायची.

आणखी एक सोय होती. माणूस रजेवर गेला की शेजाऱ्यानं त्याच्या नावामागं आपलं नाव लावायचं. त्याला येणारे सगळे मेल मग यालाही येतात. झुल्मा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली तेव्हा अपारिसियोनं तिच्यामागं नाव लावलं. तो बहिणीकडं ब्राझीलला गेला तेव्हा हिनं त्याच्यामागं. काढायचं दोघांचंही राहून गेलं.

"अरे, माझे मेल अजून तुला येतात की," झुल्मा एकदा म्हणाली.

"येऊ देत. तुझी भांडणं वाचल्याशिवाय मला जेवण जात नाही."

"आणि तुझे मला येतात त्याचं काय? सगळा कचरा."

"मग फेकून दे."

तिनं फेकले नाहीत.

मग एका रविवारी अपारिसियो क्लबात पत्ते खेळत होता. त्रुकोचा डाव, हातात पानंही चांगली आली होती म्हणे. ती पानं धरूनच मान टाकली.

तो गेला, पण मेल काही थांबले नाहीत. झुल्माच्या कॉम्प्युटरवर रोज अपारिसियोच्या नावानं मेल यायचे. त्याच्या टेबलाचा खण तिच्यानं उघडवत नव्हता, तसेच हे मेलही उघडवेनात. तिनं त्यांच्यासाठी एक वेगळा कप्पा केला. मेल आले की आपोआप तिकडं जाऊन पडायचे, ती फक्त कप्प्यावरचा आकडा वाढलेला बघायची. आकडा वाढला की तिला बरं वाटायचं. माणूस कुठंतरी कामावर आहे असं वाटायचं.

त्यांचा साहेब नाहुएल. साल्तोकडचा, तिशीतला, पोरगा चांगला होता, झुल्माला मानानं दोन्या म्हणायचा. तो एक दिवस तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"दोन्या झुल्मा, अपारिसियोंचं खातं बंद करायचंय. गेलेल्या माणसाच्या नावानं मेल जातात, बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही? तुला येतात का ते?"

"मला नाही येत, पण..."

"मला येतात. मी काही कुरकुर केली?"

"वाचता का तुम्ही?"

झुल्मानं पडद्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "एकोणतीस तारखेपर्यंत थांब. न्योकी खा आणि मग बंद कर. उपाशीपोटी असलं काम करू नये."

महिन्याच्या एकोणतीस तारखेला आमच्याकडं घरोघरी न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, करतात. ऑफिसातही मोठं पातेलं चढतं. नाहुएल हसला, म्हणाला बरं.

एकोणतीस तारीख आली. सगळे खालच्या मजल्यावर जेवायला गेले. झुल्मा वरच बसली. म्हणाली, आज बंद होणार, तर एकदा सगळे डोळ्याखालून घालू, मग निरोप देऊ. तिनं तो कप्पा उघडला.

बराचसा कचराच. अमुक बग तमक्याकडं दिला. तारीख पुढं ढकलली. रंग निळा केला, पुन्हा हिरवा केला. ती एकेक उघडायची आणि मिटायची. डोळे भरून यायचे, पण हसूही यायचं, कारण प्रत्येकावर तिला ऐकू यायचं, मग फेकून दे.

मधेच एक नाव आलं. ग्लादिस ओलिवेरा, नर्स, पासो ओन्दोचा दवाखाना.

पासो ओन्दो उत्तरेला, नदीच्या वळणावर. मोबाईलला तिथं रेंज नाही. गावात एक दुकान, दुकानात एक फोन. कुणाला काही झालं की सगळं गाव तिथूनच अँब्युलन्सला फोन करतं. आणि चूक तिथंच होती. एकाच नंबरवरून दुसरा फोन आला की कॉम्प्युटर समजायचा, हा पहिलाच माणूस घाईनं पुन्हा फोन करतोय. तो दुसरा फोन पहिल्याखाली जोडून टाकायचा. गाडी एकच निघायची. मोन्तेविदेओसारख्या शहरात ते बरोबर होतं, तिथं घाबरलेली माणसं एकाच फोनवरून दहा वेळा फोन करतात. पासो ओन्दोत ते बरोबर नव्हतं.

ग्लादिसनं हे कळवलं होतं आणि अपारिसियोनं नोंदवलंही होतं. पण इथं करून बघितलं तर चूक दिसेना. मग कुणीतरी ठरवलं, ही आधीचीच तक्रार पुन्हा आलीय, आणि ती दुसऱ्या एका नोंदीखाली जोडून मिटवून टाकली. दुसऱ्या हाकेला पहिलीच समजतात ही तिची तक्रार, आणि तिच्या तक्रारीलाही तसंच केलं. मिटलेल्या नोंदीवर नावं उरली दोनच, ग्लादिसचं आणि अपारिसियोचं. ग्लादिस शहरात औषधं आणायला गेली की तिथल्या कॉम्प्युटरवरून त्या नोंदीवर जे लिहील ते फक्त अपारिसियोला जाणार.

पहिला मेल होता: "अपारिसियो, पुन्हा तसंच झालं. एका पोराचा हात मोडला आणि एका बाईला दम लागला, गाडी एकच आली. दोघांना एकातच कोंबून नेलं. निभावलं कसंतरी. पण बघा काहीतरी."

दुसरा: "रागावलात का? मागं फोनवर मी जरा जोरात बोलले. माझा आवाजच तसा आहे, नवराही तेच म्हणतो. दोन शब्द तरी लिहा."

तिसरा: "दुकानदाराचे वडील, एवारिस्तो, गेले. आधी बाळंतिणीसाठी फोन केला होता, मग लगेच त्यांच्यासाठी. त्यांच्याच दुकानातून. गाडी आली, बाळंतिणीला घेऊन गेली. आम्ही दारात दुसऱ्या गाडीची वाट बघत राहिलो. आता मी लिहीत नाही. तुम्हाला उगाच त्रास."

झुल्मानं हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिली. नाहुएल तिच्यासाठी ताट घेऊन वर आला.

"दोन्या, गार होतंय हो."

"ठेव ते. बस इथं. वाच."

त्यानं उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्ची ओढून बसला. बसला ती अपारिसियोची खुर्ची, आणि झुल्मा त्याला काही बोलली नाही.

"हे मला आलंच नाही," तो म्हणाला.

"येईल कसं? तुझं नाव कुठं आहे तिथं? मला आलं होतं. मी उघडलं नाही."

"तुमचं काम नव्हतं ते."

"मग खातं बंद करू नको म्हणून तुझ्याशी भांडलं कोण? मला येतात, मला येतात, कोण म्हणालं? मढ्यावर फुलं ठेवावीत तसे मेल ठेवत बसले मी. आत बाई हाका मारत होती."

नाहुएलनं ताट बाजूला सरकवलं. "आधी ही नोंद उघडू या," तो म्हणाला.

नोंद पुन्हा उघडली. पहिलं नाव झुल्मानं आपलं घातलं, खाली नाहुएलनं त्याचं. मग झुल्मानं फोन घेतला आणि पासो ओन्दोच्या दुकानाचा नंबर फिरवला. दुकानदार एल्बिओनं उचलला. ग्लादिसला बोलवा म्हटल्यावर त्यानं फोन फळीवर ठेवून दिला. झुल्माला सगळं ऐकू येत होतं. कुत्रा भुंकतोय, कुणीतरी साखर मागतंय, दार करकरतंय. मग धापा टाकत बाई आली.

"अपारिसियोच्या ऑफिसातून बोलतेय."

"आली का आठवण! द्या बरं त्यांना, चांगली खरडपट्टी काढते."

"ते गेले, ग्लादिस."

"गेले कुठं?"

"वारले. बरेच दिवस झाले."

मग ग्लादिस म्हणाली, "अगं बाई. आणि मी रागावलात का, रागावलात का..." मग थांबून, "मग मी लिहीत कुणाला होते?"

"मला. माझ्याकडं येत होते. मी वाचले नाहीत."

आता मात्र ग्लादिसनं फोन तोंडाजवळ घेतला. हळू आवाजात म्हणाली, "एवारिस्तोंचा मुलगा इथंच उभा आहे. तागडीपाशी. त्याला हे मी सांगू?"

"नको. मी येऊन सांगते."

दुरुस्तीला काही दिवस गेले. नाहुएल आणि त्याची पोरं जागची उठली नाहीत. एका सकाळी ग्लादिसनं दुकानातून फोन केला, ठेवला, लगेच दुसरा केला. इकडं पडद्यावर दोन ओळी उमटल्या. एकीखाली एक जोडून नाही, दोन वेगवेगळ्या, दोघींना वेगवेगळी गाडी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. झुल्मानं नाही वाजवल्या. ती उठली, पिशवी घेतली आणि उत्तरेकडची बस धरली.

दुकानात एल्बिओ होता, ग्लादिस होती. झुल्मानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. एल्बिओ मोठा दांडगा माणूस, ऐकताना हातातलं फडकं पिळत होता.

"तुम्ही वाचलं असतं तर बाबा वाचले असते?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही रे बाबा."

"डॉक्टरही तेच म्हणतो. माहीत नाही." त्यानं फडकं ठेवलं. "गाडी येतेय ना, गाडी येतेय ना, असं विचारत गेले. मी म्हणत होतो येतेय. मला खोटं बोलायला लागलं, तेवढंच खुपतं."

झुल्मा मान खाली घालून बसली. हा आता हाकलणार, आणि हाकललं तरी ठीकच, असं तिला वाटलं. एल्बिओ आत गेला. बाहेर आला तो थर्मास आणि तुंबा घेऊन. पाणी ओतलं, पहिला घोट स्वतः ओढला, मग भरून ग्लादिसला दिला, मग भरून झुल्माकडं धरला. ती प्यायली. तुंबा परत देताना सवयीनं ग्रासियास ओठावर आलं, ते तिनं गिळलं. पुढच्या फेरीत त्यानं पुन्हा तिच्याकडं धरला. पाणी संपेपर्यंत तिघं बसून होती.

तिथून परतल्यावर झुल्मा बदलली. रोज सकाळी आधी मेल. आपले, अपारिसियोचे, आणि कंपनी सोडून गेलेल्या सगळ्यांचे, कारण त्यांच्याही नावांमागं तिनं आपलं नाव लावून घेतलं. पोरं चिडवायची, "दोन्या, रद्दीचा भाव काय आज?" ती म्हणायची, "तुझ्या अकलेपेक्षा जास्त." आणि वाचत राहायची. अपारिसियोचं खातं बंद करायचं नाव नाहुएलनं पुन्हा काढलं नाही.

ह्या थंडीत तिची छाती भरली आणि ती गेली. तिला ठेवलं होतं त्या खोलीत सगळे जमलो. ग्लादिस आणि एल्बिओ एवढ्या लांबून बसनं आले, एल्बिओच्या बगलेत थर्मास. नाहुएल भिंतीला टेकून उभा होता. मधेच त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढला, बघितला. पुन्हा वाजला, पुन्हा काढला.

झुल्माची थोरली बहीण नेलिदा कडाडली, "अरे, लाज वाटते का? माझी बहीण समोर पडलीय आणि हा फोन चिवडतोय!"

पोरगा लाल झाला. "तिचेच मेल आहेत," तो म्हणाला. "तिच्या नावावरचे. मी माझं नाव लावलंय मागं."

नेलिदाला काही उमगलं नाही. ती आणखी बोलणार, तेवढ्यात ग्लादिसनं तिचा हात धरला.

"वाचू दे त्याला, बाई," ती म्हणाली. "नीट वाच रे. शेवटपर्यंत."

नाहुएल दारापाशी उजेडात गेला. पूर्ण वाचलं, दोन ओळी उत्तर लिहिलं, फोन खिशात टाकला. आत येऊन बसला तेव्हा एल्बिओनं तुंबा भरून त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला, प्यायला आणि काही न बोलता परत दिला.