चिकोडीविरुद्धचा शेवटचा गुण

दर रविवारी आमच्या बेळगावच्या व्यावसायिक कबड्डी संघाबद्दल चार मुद्दे लिहून मी चाहत्यांच्या ग्रुपवर टाकते. सामन्याला माझ्या शेजारी नेहमी वडगावचे एक विणकर असतात. नाव मी कधी विचारलं नाही. चपला काढून मांडी घालून बसतात आणि समोरच्या संघाने चांगली पकड केली तरी टाळी वाजवतात.

गेल्या शनिवारी चिकोडीशी सामना होता आणि गुण बरोबरीत होते. शेवटच्या चढाईत आमच्या खेळाडूने चिकोडीच्या गड्याला शिवल्याचा दावा केला. हात लागला नव्हता. आमच्या पुढ्यातच घडलं. तो गडी रडवेला होऊन आमच्याकडे वळला, "सांगा की वो, लागला काय मला हात?"

"लागला!" सगळे ओरडले. मीही ओरडले. शेजारचे विणकर तेवढे उठून म्हणाले, "न्हाय लागला."

"चिकोडीची सोयरीक हाय काय, आप्पा?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"सोयरीक ह्याच संघाशी हाय. म्हणून तर लाज वाटतीया." मग ते माझ्याकडे वळले. "आक्का, तुमी बघितलं न्हवं?"

"चष्मा विसरले," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं आणि खाली बसले. पंचांनी गुण आम्हाला दिला. सगळे नाचत होते. मी चष्मा काढून पदराने पुसत राहिले.