तोमचौचा श्वास

लोकताक तलावाकाठी मासळी विकणाऱ्या मेमचाचा धाकटा भाऊ तोमचौ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी निघाला, तेव्हा नर्सबाईंनी तिच्या हातात एक इंजेक्शन ठेवलं. "पुन्हा नशा केली आणि श्वास थांबला, तर हे मांडीत टोचा. वाट बघत बसू नका."

गावावर झालेल्या गोळीबारात तोमचौचा जिवलग मित्र त्याच्या कुशीत किंचाळत गेला होता. ती किंकाळी कानातून जाईना, म्हणून तो हेरॉइनची सुई टोचून घ्यायला लागला.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एका दुपारी रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं आणि तोमचौ पडवीतल्या हातमागाखाली शिरून बसला. दुसऱ्या दिवशी मात्र तो हसतमुख उठला, दाढी केली. "इचे, माझ्यापायी बाजार बुडवू नकोस, जा तू," बहिणीला म्हणाला.

कालच्या भीतीनंतरचं हे हसू मेमचाला खटकत राहिलं. अर्ध्या वाटेवरून ती माघारी फिरली.

घरामागे, होड्या ठेवायच्या छपराखाली तो पडला होता, ओठ निळे पडलेले. तिने जवळ बाळगलेलं इंजेक्शन त्याच्या मांडीत टोचलं, तोंडाने श्वास दिला. बऱ्याच वेळाने त्याची छाती हलली.

"कशाला परत आणलंस? तिथं तो ओरडत नव्हता," तो पुटपुटला.

"ओरडू दे. दोघं मिळून ऐकू."



त्याला खांद्याचा आधार देत मेमचाने केंद्र गाठलं. तिने आणखी दोन इंजेक्शनं मागितली. नर्सबाईंनी ती दिली, पण ही तरी पुरतील का, या विचाराने तिच्याकडे बघायचं टाळलं.