राक्षसाच्या रेघा

गिरणी सुटली की शेजारचे मामा शहाबादी फरशीवर खडूने राक्षसाची गुहा काढत. आम्ही शेजारीपाजारी वीर होऊन आत शिरायचो. राक्षसाच्या अंगावर जितक्या रेघा, सहापैकी तितक्या कवड्या एका फेकीत उताण्या पडल्या की तो मेला. मामा आधी एकटेच खेळून बघत आणि ओल्या अंगठ्याने एखादी रेघ पुसत. "लई दांडगा करून चालत न्हाय. जितायला वाट ठिवाय पायजे की."

मामी लांबलेल्या दुखण्यात गेल्या. त्यानंतर मामांनी पुन्हा गुहा काढली. माझ्या सहाच्या सहा कवड्या उताण्या पडल्या, तरी रेघा उरल्याच. मी चिडलो.

"मामा, वाटच ठेवली नाही तुम्ही!"

"व्हय," म्हणत त्यांनी कवड्या गोळा करून माझ्या हातात दिल्या. "तरीबी टाका."