झेल कुणाच्या हातून सुटला

कैनाड गावच्या शितलने क्रिकेटच्या समालोचनासाठी माइक हातात धरला त्याला तीन वर्षं झाली होती, पण अंतिम सामना तिला अजून कुणी दिला नव्हता. भर उन्हातले साखळी सामने तिचे. पाहुण्यांचं स्वागत तिचं, नारळ फोडताना चार गोड शब्द तिचे. संध्याकाळी गर्दी जमली की कुणीतरी बाप्या पुढे होऊन माइक मागायचा आणि ही मुकाट्याने खुर्ची सोडायची. मनात मात्र गाठ पक्की होती, एक तरी फायनल आपल्या तोंडून व्हायलाच हवी.

ही खुमखुमी तिला लागली ती चिकूच्या वाडीत. आई, नवशी, तिथे चिकू निवडायला जायची आणि लहानगी शितल तिच्या मागोमाग. पलीकडच्या मैदानात स्पर्धा असली की भोंग्यातून आवाज यायचा, "क्या बात है, काय फटका, वा वा!" बायका काम थांबवून एकमेकींकडे बघायच्या. कुणी मारला, कुठे गेला, आपल्या पोराने धरला का, काही म्हणून कळायचं नाही. "हा सांगतो का नुसता बोंबलतो?" नवशी वैतागायची. भोंगा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसतं आणि बोलायचं ते त्याच्यासाठी, हे शितलला तेव्हाच समजलं.

बाकीची विद्या काशीनाथकाकांची. हे डहाणूकडचे बागायतदार, पण जीव सगळा समालोचनात. मराठीत सुरुवात, मध्ये गुजराती टोमणा, शेवट वारलीत. सगळी जनता खूश. श्वास कधी घ्यायचा आणि गप्प कधी बसायचं, दोन्ही त्यांनीच तिला शिकवलं. एक गोष्ट मात्र तिला कधी पटली नाही. "आपल्या गावच्या पोराचा झेल सुटला ना पोरी, तर नाव घ्यायचं नाही. चेंडू निसटला म्हणायचं. चेंडूला काय, त्याला आईबाप नसतात."

यंदा झरी गावच्या स्पर्धेत आयोजक शुक्राने तिला उपांत्य सामना दिला. झरी विरुद्ध कैनाड, आणि कैनाडच्या संघात तिचा सख्खा भाऊ दिपक. "कुनाची बाजू घेतली नाय तर उद्याची फायनल तुझी," शुक्राने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

शेवटच्या षटकात झरीच्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला आणि दिपकच्या हातून तो सुटला. शितलने आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. "झेल सुटला. दिपकने झेल सोडला, कैनाडच्या दिपकने." पुढच्याच चेंडूवर सामना गेला. शुक्राने लांबूनच मान डोलावली. भावाचं तोंड पडलेलं दिसत असताना आपल्याला इतका आनंद व्हावा, याची तिला लाजही वाटली.

घरी दिपक लवकर जेवून झोपला. सकाळी ती निघाली तेव्हा तो अंगणात बूट धूत होता.

"रागावलास?"

"सुटला तर सुटला, त्याचा राग नाय." त्याने बूट दगडावर आपटला. "पन मी लाँग ऑनवरून मिडविकेटपर्यंत धावत गेलो. तिथं कुनीच नव्हता. उडी मारली तेव्हा कुठं बोटं लागली. ते तू बोललीसच नाय. झरीचा पोऱ्या असता तर बोलली असतीस."

नवशी दारात उभी होती. तिने सामना मोबाइलवर ऐकला होता. "मला वाटलं, हातात आलेला सोडला यानं," ती म्हणाली.

 ती धाव शितलने डोळ्यांनी पाहिली होती. शब्द जिभेवर आलेही होते, पण भावाचं कौतुक केलं असं कुणी म्हणेल, फायनल हातची जाईल, या भीतीने तिने ते गिळले होते. काका नाव लपवायचे, हिने धाव लपवली. काका निदान कुणाला वाचवत तरी होते.

दुपारी झरीचं मैदान माणसांनी फुलून गेलं. शुक्राने कौतुकाने माइक तिच्या हाती दिला.

"नाणेफेकीच्या आधी एक गोष्ट," ती म्हणाली. "काल माझं सांगायचं राहिलं."

"भावाची वकिली करते," मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. शुक्राचा चेहरा उतरला. त्याने पुढे होऊन माइकसाठी हात केला.

तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "झेल सुटला हे खरं. पण दिपक लाँग ऑनवरून धावत आला होता. दुसरं कुणी त्या चेंडूपर्यंत पोचलंच नसतं. तो माझा भाऊ आहे म्हणून मी हे काल बोलले नाही."

शुक्राचा हात तसाच पुढे होता. शितलने त्याच्याकडे पाहिलं, माइक सोडला नाही, आणि दोन्ही कप्तानांना नावं घेऊन नाणेफेकीला बोलावलं.